जालन्याहून निघालेलें पाकीट

कुंडलिका नदीनें जालना शहराचे दोन भाग केले आहेत. एका काठीं जुना जालना, दुसऱ्या काठीं नवा. जुन्या जालन्यांतील एखाद्या घरांतून नव्या जालन्यांतील सोयऱ्यांकडे लग्नाचें छायाचित्र पाठवावयाचें झालें, तर पूल ओलांडून तें हातीं नेऊन देणाऱ्या मुलास अर्धा-पाऊण तास पुरे. तेंच छायाचित्र संगणकावरून पाठविलें तर थोड्या क्षणांत पलीकडे दिसूं लागतें. आणि ज्या अर्थीं इतक्या लवकर पोंचलें त्या अर्थीं तें जवळच्या वाटेनें, जणूं त्याच पुलावरून, गेलें असावें अशी पाठविणाराची समजूत होते. ही समजूत बहुधा चुकीची असते. दोन्ही घरांनीं निरनिराळ्या कंपन्यांच्या जोडण्या घेतल्या असल्या, तर एका संगणकापासून दुसऱ्यापर्यंत जाणारी ही माहिती बहुतेक वेळां आधीं मुंबईस जाते, तेथें एका कंपनीच्या हातून दुसरीच्या हातीं पडते, आणि मग आल्या दिशेनें मराठवाड्यांत परत येते. एक लहानशी नदी ओलांडण्यासाठीं सुमारें आठशें किलोमीटरांचा फेरा! व्हॉट्सअ‍ॅपसारख्या मध्यस्थाच्या मार्फत पाठविल्यास हा फेरा आणखीही वाढूं शकतो; कारण मग त्या मध्यस्थाचें यंत्र जेथें असेल तेथवर जाऊन यावें लागतें.

हें कोणीं पाहिलें, असा प्रश्न येथें कोणीही विचारील, आणि तो रास्त आहे. माहिती डोळ्यांना दिसत नाहीं, तार जमिनींत पुरलेली असते, आणि सारा प्रवास सेकंदाच्या लहानशा अंशांत संपतो. असें असूनही त्या वाटेवरील एकेक मुक्काम, घरांतल्या खुर्चीवरून न उठतां, मोजतां येतो. त्याची युक्ति मोठी गमतीची आहे. आणि ती कळली म्हणजे इंटरनेट बंद पडलें त्या दिवशीं दोष घरांतल्या डब्याचा, गल्लींतल्या तारेचा, कीं दूरच्या कोणा यंत्राचा, हें ठरविण्याचें एक साधनही हातीं येतें.

प्रथम वाटसरूची ओळख करून घेतली पाहिजे. संगणकाची माहिती नळाच्या पाण्याप्रमाणें अखंड धारेनें वाहत नाहीं. तिचे लहान लहान तुकडे करतात, आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र पाकिटांत घालून रवाना करतात. एका पाकिटांत साधारणतः दीड हजार अक्षरांइतका मजकूर मावतो. त्या मानानें मोबाइलवर काढलेल्या तीन मेगाबाइटांच्या छायाचित्राचीं दोन हजारांहून अधिक पाकिटें होतात. प्रत्येकावर पाठविणाराचा व घेणाराचा पत्ता असतो. तो पत्ता म्हणजे शून्यापासून २५५ पर्यंतचे चार आंकडे. हीं पाकिटें एकामागून एक सुटतात, क्वचित् निरनिराळ्या वाटांनींही जातात, आणि पलीकडचा संगणक तीं क्रमवार लावून पुन्हा चित्र उभें करतो. ही कल्पना १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत पॉल बॅरन आणि इंग्लंडांत डोनाल्ड डेव्हिस यांस एकमेकांच्या नकळत सुचली. पाकिटाचें इंग्रजी नांव डेव्हिसनें रूढ केलें. चार आंकड्यांच्या पत्त्याचें पाकीट कसें असावें याचा जो मसुदा अद्याप चालू आहे, तो सप्टेंबर १९८१ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं १ मे रोजीं जालना हा औरंगाबादेपासून वेगळा होऊन स्वतंत्र जिल्हा झाला होता. अर्थात् या दोन घटनांचा एकमेकींशीं कांहीं संबंध नाहीं.

वाटेंत ठिकठिकाणीं जीं यंत्रें हीं पाकिटें पुढें ढकलतात त्यांस राउटर म्हणतात. राउटर म्हणजे वाटाड्या; पण हा वाटाड्या मोठा विचित्र आहे. त्यास सबंध वाट ठाऊक नसते. एस. टी. स्थानकावर चौकशीच्या खिडकींत बसलेल्या माणसास भोकरदनची गाडी कोणत्या फलाटावर लागते तेवढें पक्कें माहीत असतें. ती पुढें कोठें थांबेल आणि कोठें अडकेल हें सांगण्याची जबाबदारी त्याची नव्हे. राउटरचेंही तसेंच. अमुक पत्त्याचें पाकीट अमुक दाराबाहेर काढावयाचें, इतकेंच तो जाणतो. पुढच्या राउटरनें पुढचें पाहावें. जगभर पसरलेल्या या जाळ्याची सबंध वाट कोणत्याही एका यंत्राच्या डोक्यांत नाहीं, ही गोष्ट प्रथम ऐकतांना खरी वाटत नाहीं, पण ती खरी आहे.

अशा व्यवस्थेंत एक धोका उघड आहे. पहिल्या राउटरास वाटावें कीं वाट दुसऱ्याकडून आहे, आणि दुसऱ्यास वाटावें कीं ती पहिल्याकडून आहे. मग पाकीट त्या दोघांमध्यें येरझारा घालीत राहणार. रात्रीं माळावर वाट चुकलेला मनुष्य फिरफिरून त्याच झाडाखालीं येतो, त्यास खेड्यांत चकवा लागला असें म्हणतात. हा तोच चकवा. माणसास निदान पहांटे उजेड दिसतो. पाकिटास पहांट नाहीं. अशीं लाखों पाकिटें फिरत राहिलीं तर सगळी वाटच तुंबून जाईल. म्हणून मसुदा लिहिणारांनीं प्रत्येक पाकिटाबरोबर मोजकी शिदोरी बांधून दिली. हा एक आंकडा असतो, बहुधा ६४ किंवा १२८, आणि फार तर २५५. प्रत्येक राउटर पाकीट पुढें देतांना त्यांतून एक वजा करतो. आंकडा शून्यावर आला कीं पाकीट तेथेंच नष्ट करावयाचें आणि ज्यानें तें पाठविलें त्यास तसें कळवावयाचें, असा नियम आहे. हें कळविणें म्हणजे एक लहानसें निधनाचें पत्रच. आणि पत्र म्हटलें म्हणजे त्यावर लिहिणाराचा पत्ता आलाच.

या शेवटच्या गोष्टींतच सगळी युक्ति आहे. कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेंत काम करणाऱ्या व्हॅन जेकबसन यानें, स्टीव्ह डीअरिंग याच्या सूचनेवरून, १९८७ च्या सुमारास एक छोटासा कार्यक्रम लिहिला. त्याचें नांव ट्रेसरूट. तो मुद्दाम उपाशी मरणारीं पाकिटें पाठवितो. पहिल्या पाकिटाबरोबर एकाच मुक्कामाची शिदोरी. तें पहिल्या राउटरावर मरतें, आणि त्या राउटराचें पत्र त्याच्या पत्त्यासह परत येतें. दुसऱ्याबरोबर दोन मुक्कामांची. तें दुसऱ्यावर मरतें. मग तीन, मग चार, असें करीत करीत एखादें पाकीट अखेर मुक्कामीं पोंचतें. पत्रें क्रमानें मांडलीं कीं वाटेचा नकाशा तयार. शिवाय पाकीट सोडल्यापासून पत्र येईपर्यंत किती वेळ गेला तेंही मोजलें जातें, आणि खात्रीसाठीं प्रत्येक मुक्कामाकरितां तीन तीन पाकिटें सोडतात. म्हणून प्रत्येक ओळींत तीन वेळा दिसतात, त्या सेकंदाच्या हजाराव्या भागांत, म्हणजे मिलिसेकंदांत. चकव्यावरील उताऱ्याचा असा उपयोग होईल हें उतारा योजणारांच्या स्वप्नींही नसावें.

आतां जालन्यांतील एखाद्या घरांतून हा शोध लावला तर काय दिसेल?

पहिली ओळ पुष्कळ घरांत १९२.१६८.१.१ किंवा तशाच एखाद्या पत्त्याची असते. हा भिंतीवरच्या वायफायच्या डब्याचा पत्ता. हाच पत्ता अंबडच्या घरांत आढळेल, परतूरच्या आढळेल, आणि लंडनच्याही आढळेल. त्यांत नवल नाहीं. "आजी" ही हांक घराघरांत मारली जाते आणि प्रत्येक घरांत ती बरोबर माणसास ऐकूं जाते; घराबाहेर मात्र तिचा पत्ता म्हणून उपयोग नाहीं. असे घरगुती उपयोगाचे पत्ते मुद्दाम राखून ठेवण्यांत आले आहेत. दुसरी ओळ पुष्कळदां १० या आंकड्यानें किंवा १००.६४ अशा आंकड्यांनीं सुरू होते. हा कंपनीचा स्वतःचा घरगुती पत्ता. चार आंकड्यांचे पत्ते सगळे मिळून सुमारें ४२९ कोटी होतात, आणि पृथ्वीवरील यंत्रें त्याहून अधिक झालीं. तेव्हां एका बाहेरच्या पत्त्यामागें शेंकडों घरें बसविण्याची तोड कंपन्यांनीं काढली, आणि तिच्यासाठीं २०१२ सालीं हा आणखी एक पट्टा राखून देण्यांत आला. एकाच पत्त्यावर सबंध वाड्याची टपाल यावी आणि देवडीवरच्या माणसानें ती बिऱ्हाडवार वांटावी, तसा हा प्रकार. लांब पत्त्यांची सहावी आवृत्ति आतां भारतांत पुष्कळ वापरांत आली आहे, आणि तिच्यांत ही टंचाई नाहीं.

तिसऱ्या-चौथ्या ओळीपासून पाकीट गांवाबाहेर पडतें. येथून पुढची वाट कांचेची आहे. केंसाइतकी बारीक कांचेची तार, तिला सगळेच फायबर म्हणतात, आणि तिच्यांतून प्रकाशाचे लुकलुकाट धांवतात. ही तार पुरावयाची तर सलग जागा हवी, आणि सलग जागा असते रस्त्यांची व रेल्वेची. भारत सरकारनें २००० सालीं स्थापन केलेली रेलटेल ही कंपनी तर रुळांच्या कडेनेंच देशभर तार घालीत गेली. त्यामुळें नव्या युगाचीं पाकिटें पुष्कळ ठिकाणीं जुन्या युगाच्याच वाटेनें धांवतात. जालन्यास ही वाट जुन्या ओळखीची आहे. निजामाच्या राज्यांत १९०० च्या सुमारास हैदराबाद ते मनमाड हा रेल्वेमार्ग झाला आणि जालना त्यावर आलें. तो मार्ग अरुंद मापाचा म्हणजे मीटरगेज होता, तर मनमाडाहून मुंबईस जाणारा रुंद मापाचा. म्हणून जालन्याचा माल मनमाडास एका डब्यांतून उतरवून दुसऱ्यांत चढवावा लागे. माल तोच, वाट सरळ, पण मालक बदलला कीं हात बदलावयाचे. ही मनमाडची अडचण लक्षांत ठेवण्यासारखी आहे, कारण पुढें मुंबईंत पाकिटांचेंही तेंच होतें.

त्यापूर्वीं वेळेचा हिशेब पाहूं. पोकळींत प्रकाश सेकंदास सुमारें तीन लाख किलोमीटर जातो. कांचेंत तो मंदावतो आणि सुमारें दोन लाखच जातो. जालन्याहून मुंबई सुमारें चारशें किलोमीटर. म्हणजे जाण्यास दोन आणि येण्यास दोन, मिळून चार मिलिसेकंद. याहून कमी वेळ कोणतीही कंपनी, कितीही पैसे घेऊन, देऊं शकत नाहीं. प्रत्यक्ष शोधांत मुंबईच्या ओळीवर दहा-पंधरा दिसले तरी तें वावगें नव्हे. तार पक्ष्यासारखी सरळ जात नाहीं, आणि प्रत्येक राउटरावर थोडी रांग असते. कांहीं राउटरांना नांवेंही दिलेलीं असतात, आणि त्या नांवांत शहराच्या विमानतळाचीं अक्षरें दडलेलीं सांपडतात. "बीओएम" दिसलें तर मुंबई आली असें समजावें, "एमएए" दिसलें तर चेन्नई, "एसआयएन" म्हणजे सिंगापूर. तथापि हीं नांवें माणसांनींच दिलेलीं असतात. यंत्र दुसऱ्या गांवीं हलविलें आणि पाटी बदलण्यास विसरले असेंही घडतें.

मुंबईस पाकिटाचे हात बदलतात. हें तेथेंच कां घडावें, जालन्यांत कां नाहीं? भारतांत सर्वसामान्य माणसास इंटरनेट प्रथम १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें दिलें. तेव्हां दुकान एकच होतें, म्हणून देवघेवीचा प्रश्नच नव्हता. १९९८ नंतर खाजगी कंपन्यांस परवानगी मिळाली आणि दुकानें वाढलीं, परंतु या दुकानांनीं आपसांत माल कोठें बदलावा याची सोय कोणी केली नाहीं. प्रत्येकीची तार परदेशांतील मोठ्या कंपनीपर्यंत गेलेली. परिणाम असा कीं दादरच्या एका घरांतील पत्र ठाण्याच्या दुसऱ्या घरीं जावयाचें तर तें पुष्कळदां परदेशी जाऊन परत येई, आणि त्या जाण्यायेण्याचें भाडें परकीय चलनांत भरावें लागे. हा आंतबट्ट्याचा व्यवहार थांबविण्यासाठीं जून २००३ मध्यें नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, तोंडीं नांव निक्सी, ही संस्था निघाली. मुंबई हें तिच्या आरंभींच्या केंद्रांपैकीं एक. एक्स्चेंज म्हणजे दुसरें कांहीं नाहीं. एक खोली, तींत अनेक कंपन्यांचे राउटर, आणि त्यांस जोडणारें एक मधलें यंत्र. पुढें मुंबईंत अशीं खाजगी एक्स्चेंजेंही झालीं, आणि निक्सीनेंही अनेक शहरांत केंद्रें काढलीं. परंतु मोंढ्याची इमारत उभारणें सोपें. व्यापाऱ्यांनीं तेथें येणें हें खरें. जेथें ग्राहक थोडे तेथें यंत्र व माणसें ठेवण्याचा खर्च कोणत्याही कंपनीस जड वाटतो, आणि मग सगळे जेथें आधींच जमले आहेत तेथेंच नवाही जातो. मुंबईंत तारा जमल्या म्हणून मोठमोठीं संगणकगृहें तेथें आलीं, अ‍ॅमेझॉननें २०१६ सालीं आपलें तेथलें केंद्र उघडलें. आणि संगणकगृहें आलीं म्हणून आणखी तारा आल्या.

याची एक गमतीची बाजू आहे. यूट्यूब किंवा नेटफ्लिक्स यांसारख्या कंपन्या आपले लोकप्रिय चित्रपट व गाणीं सांठवून ठेवणारीं यंत्रें इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांच्याच आवारांत नेऊन ठेवतात. त्यामुळें अमेरिकेंत काढलेला चित्रपट जालन्याच्या घरांत जितक्या जवळून येतो, तितक्या जवळून नदीपलीकडच्या सोयऱ्याचें छायाचित्र येईलच असें नाहीं. अंतर येथें मैलांनीं मोजलें जात नसून करारांनीं मोजलें जातें.

करार हा शब्द अक्षरशः घ्यावयाचा. जगांतील प्रत्येक मोठ्या जाळ्यास एक क्रमांक दिलेला आहे. भारत संचार निगमाचा ९८२९, जिओचा ५५८३६. ही जाळीं एकमेकांस सतत सांगत असतात, कीं अमुक पत्ते माझ्याकडे आहेत, किंवा अमुक पत्त्यांकडे जाण्यास माझ्याकडून वाट आहे. या बोलण्याची जी भाषा आहे तिचा पहिला आराखडा १९८९ च्या जानेवारींत किर्क लॉघीड आणि याकोव्ह रेख्टर या दोघांनीं जेवणाच्या टेबलावर, हात पुसण्याच्या कागदी रुमालांवर लिहिला. तात्पुरती सोय म्हणून लिहिलेली ती भाषा आजही सर्व जग बोलत आहे. एकाच पत्त्याकडे अनेक वाटा ऐकूं आल्या तर कंपनी जवळची निवडते असें मानण्याचें कारण नाहीं. ज्या वाटेनें धाडल्यास पैसे मिळतात ती प्रथम. जिच्यासाठीं पैसे द्यावे-घ्यावे लागत नाहींत ती दुसरी. जिच्यासाठीं भाडें भरावें लागतें ती अगदीं शेवटीं. व्यापाऱ्याच्या दृष्टीनें यांत गैर कांहीं नाहीं. मात्र या सगळ्या बोलण्याचा पाया मूळचा विश्वास हाच होता. २४ फेब्रुवारी २००८ रोजीं पाकिस्तानच्या दूरसंचार कंपनीनें आपल्या देशांत यूट्यूब बंद करण्यासाठीं, यूट्यूबचे कांहीं पत्ते आपल्याकडेच आहेत अशी खोटी दवंडी पिटली. ती दवंडी चुकून देशाबाहेर गेली. जगभरच्या राउटरांनीं ती खरी मानली, आणि सुमारें दोन तास पृथ्वीच्या मोठ्या भागांतून यूट्यूबकडे निघालेलीं पाकिटें पाकिस्तानच्या वाटेस लागलीं. तेव्हांपासून दवंडी पिटणाराची ओळख पटवून घेण्याचे उपाय सुरू झाले आहेत. ते अद्याप सगळ्यांनीं अंगीकारलेले नाहींत.

पाकीट परदेशी जावयाचें असेल तर मुंबईच्या किनाऱ्यावर तें समुद्रांत शिरतें. ही वाटही नवी नाहीं. १८७० सालीं ग्रेट ईस्टर्न या प्रचंड जहाजानें मुंबईपासून एडनपर्यंत तारायंत्राची तार समुद्रतळीं सोडली, आणि तेथून सुएझमार्गें ती विलायतेशीं जोडली गेली. आजच्या कांचेच्या तारा, उदाहरणार्थ २००५ सालीं सुरू झालेली सी-मी-वी ४, याच अरबी समुद्र, तांबडा समुद्र आणि मिसर देश अशा वाटेनें युरोपास जातात. शोधाच्या ओळींत हा समुद्र स्पष्ट दिसतो. मुंबईच्या ओळीवर दहा-पंधरा मिलिसेकंद, आणि लगेच पुढच्या ओळीवर शंभराच्या घरांत आंकडा, कीं समजावें तेवढ्या एका पावलांत पाकीट युरोपांत पोंचलें. पृथ्वीच्या आकाराची अशी प्रचीति घरबसल्या दुसऱ्या कोणत्या उपायानें येईल? या एकाच अरुंद वाटेवर सगळे विसंबल्याचें फळही भोगावें लागलें आहे. ३० जानेवारी २००८ रोजीं अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी ४ आणि फ्लॅग या दोन तारा तुटल्या, आणि भारताचा पश्चिमेकडील व्यवहार कित्येक दिवस मंदावला. पुष्कळ पाकिटें तेव्हां उलट पूर्वेकडून, पॅसिफिक महासागर ओलांडून पाठवावीं लागलीं.

ट्रेसरूटच्या ओळी वाचतांना मात्र कांहीं पथ्यें पाळावीं लागतात. नाहींतर भलत्यालाच दोषी ठरविलें जातें. बहुतेक तक्रारी येथेंच फसतात. एखाद्या ओळींत आंकड्यांच्या ऐवजीं तीन तारका दिसतात. पाहणारा घाबरतो, कीं येथें वाट तुटली. परंतु पुढच्या ओळी नीट आल्या असतील तर तुटलें कांहींच नाहीं. त्या राउटरनें निधनाचें पत्र लिहिलें नाहीं एवढेंच. कांहीं राउटरांना तशी मनाईच केलेली असते. दुसरा घोटाळा असा कीं पांचव्या ओळीवर तीनशें मिलिसेकंद आणि सहाव्या-सातव्यावर पुन्हा पंधरा. पांचवा राउटर मंद आहे असा निष्कर्ष तत्काळ काढला जातो. तोही खोटा. पंधरा मिलिसेकंदांत जाऊन आलेलें सातवें पाकीट त्याच पांचव्यावरूनच गेलें ना? राउटराचें मुख्य काम पाकिटें पुढें देण्याचें. पत्रें लिहिणें हें त्याचें फावल्या वेळचें काम, आणि तें तो सवडीनें करतो. वाढलेला आंकडा पुढच्या सर्व ओळींतून कायम राहिला तरच ती वाढ खरी मानावी. तिसरी गोष्ट पुष्कळ जाणत्यांच्याही ध्यानांत राहत नाहीं: मोजलेला वेळ जाण्याचा व येण्याचा मिळून असतो, आणि येण्याची वाट जाण्याचीच असेल असा नियम नाहीं. पाकीट थेट जावें आणि पत्र सिंगापूर फिरून यावें, असें होऊं शकतें. ती परतीची वाट या शोधांत मुळींच दिसत नाहीं. शिवाय कंपन्या आपल्या जाळ्याच्या पोटांतील कांहीं मुक्काम मुद्दाम झांकून ठेवतात. भुयारांत शिरलेल्या गाडीप्रमाणें पाकीट एकदम दूर बाहेर निघतें, आणि मधल्या राउटरांची नोंदच होत नाहीं.

एवढ्या मर्यादा असूनही जालन्यासारख्या जिल्ह्यांत या शोधाचा उपयोग शहरांतल्यापेक्षां अधिक आहे. सातबाराचा उतारा, रेशनच्या दुकानांतील अंगठ्याचें यंत्र, परीक्षेचा अर्ज, बँकेचा व्यवहार, हें सगळें आतां याच वाटेनें जातें, आणि वाट बंद म्हणजे त्या दिवशींचें काम बंद. गांवोगांवच्या ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेस केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०११ मध्यें मंजुरी दिली. तीच पुढें भारतनेट या नांवानें ओळखली गेली. तार गांवापर्यंत जाणें हें अर्धेंच काम होय. ती एकाच बाजूनें गेली असेल तर रस्त्याच्या खोदकामाचा एक फटका पुरे. दोन बाजूंनीं वेढा घालून नेली असेल, तर एका बाजूस तुटतांच पाकिटें दुसरीकडून जाऊं लागतात, आणि शोधांत दोन-तीन नव्या ओळी व कांहीं अधिक मिलिसेकंद एवढाच फरक दिसतो. घनसावंगी किंवा मंठा तालुक्यांतील एखाद्या गांवास वेढा मिळाला आहे कीं नुसतें शेंपूट, हें अशा दिवशीं कागदावरच्या नकाशापेक्षां शोधाच्या ओळींवरून अधिक चांगलें कळतें.

वाट बंद होण्याचें कारण नेहमींच कुदळ नसतें. २६ फेब्रुवारी २०२४ रोजीं मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या वेळीं अंबड तालुक्यांत संचारबंदी लागली आणि जालना, छत्रपती संभाजीनगर व बीड या जिल्ह्यांतील इंटरनेट सरकारी आज्ञेनें कांहीं तास बंद ठेवण्यांत आलें. कांच त्या दिवशींही जमिनींत शाबूत होती. तार तुटली कीं आज्ञा सुटली, हें ट्रेसरूट सांगत नाहीं. दोन्ही प्रसंगीं शोध पहिल्या एक-दोन मुक्कामांपलीकडे सरकत नाहीं आणि खालीं तारकांची रांग लागते. कारण शोधावयाचें तें मग माणसांत शोधावें लागतें.

शोध करण्यास खर्च किंवा परवानगी लागत नाहीं. विंडोज संगणकावर काळ्या खिडकींत ट्रेसर्ट असा शब्द आणि त्यापुढें हव्या त्या स्थळाचें नांव लिहावें. इतर बहुतेक संगणकांवर शब्द ट्रेसरूट असा पुरा लिहितात. ओळी एकेक करून उमटूं लागतात आणि मिनिटाभरांत बहुधा काम होतें. तारका पुष्कळ असल्या तर थोडा अधिक वेळ लागतो. सगळें सुरळीत चालू असतांना एकदां सकाळीं आणि एकदां रात्रीं नऊच्या गर्दींत असा शोध करून तो उतरवून ठेवावा, वर तारीख घालावी. पुढें तक्रारीचा दिवस आला म्हणजे नवा शोध त्याच्या शेजारीं ठेवून पाहावा. पहिलीच ओळ येत नसेल तर दोष घरांतल्या डब्यांत किंवा भिंतीवरच्या जोडणींत आहे. पहिली येऊन पुढें कांहींच येत नसेल, तर कंपनीस दूरध्वनि करतांना डबा बंद करून पुन्हां चालू करा हा ठरीव सल्ला नम्रपणें नाकारावयास हरकत नाहीं. आणि दहा ओळी जशाच्या तशा येऊन अकरावीपासून आंकडे दुप्पट झाले असतील, तर जालन्याच्या तार जोडणाऱ्या कामगारास उन्हांत खांबावर चढावयास लावण्यांत कांहीं अर्थ नसतो.